सहाशे पानांचं ‘अहो’

दोन हजार आठ साली इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या ट्रेनमध्ये जो तो तीच प्रेमकथा वाचत होता. लायब्ररीत अकरा आठवडे नंबर लावून ऋजुताने ती मिळवली, संपवली आणि सोफ्यावर आपटली.

“नुसता गाजावाजा, आई. नायक परीराज्याचा राजपुत्र. नायिकेने त्याचं नाव घेतलं की तो कायमचा नाहीसा होणार. म्हणून सहाशे पानं ती नावच घेत नाही.”

“म्हणजे सहाशे पानं नुसतं ‘अहो’?” मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. “त्यात जादू कसली? मी चाळीस वर्षं यांचं नाव घेतलं नव्हतं. इथे येऊन घ्यावं लागलं.”

“कधी?”

“मागच्या महिन्यात हे सुपरमार्केटमध्ये हरवले तेव्हा. काउंटरवरच्या मुलीला माझं इंग्रजी कळेना. तिने माइकच माझ्या हातात दिला. म्हटलं, रघुवीर, इकडे या. आले की लाजत लाजत. आता तर ती मला बघूनच माइक पुढे करते.”

ऋजुता हसता हसता थांबली. बाबा त्यानंतर सलग चार शनिवार तिथेच हरवले होते. त्यांना विसरायला होतंय या धास्तीने तिने जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली होती.

तेवढ्यात पेपराआडून बाबांचा आवाज आला.



“ऋजुता, डॉक्टरकडे कधीही ने. फक्त शनिवार नको.”