अकरा नावं

पलटणीत पूजाअर्चा करणाऱ्या गुरुजींना घरी जायला दोनच दिवस उरले होते. ट्रंक बांधून झाली होती, पण डोकं तापलेलंच होतं. पुढच्या चौकीवर पाठवलेले अकरा जवान जिवंत परत आले नव्हते, आणि साहेबांच्या सांगण्यावरून "जा रे, काही होत नाही" असा आशीर्वाद देणारे गुरुजीच होते.

सकाळच्या प्रार्थनेत त्यांनी त्या अकरा जणांची नावं वाचायला घेतली. पहिल्याच नावाला मागून आवाज आला, "हजर!"

"कोण आहे तो? मेलेल्यांची थट्टा करता? लाज नाही वाटत?" गुरुजी कडाडले.

"गुरुजी, आमच्यातलं कुणी बोललं नाही," हवालदार चाचरत म्हणाला.

"चालते व्हा सगळे!"

प्रार्थनेची खोली रिकामी झाली. गुरुजींनी आतून कडी लावली आणि तेच नाव ओरडून वाचलं.

"हजर!"

ते थांबले नाहीत. दातओठ खात वाचत गेले, आणि रिकाम्या बाकांवरून एकेक उत्तर येत गेलं. अकरावं नाव संपलं तसा त्यांनी कागद चुरगळून फेकला.

मग बाकांवरून कुणीतरी शांतपणे गुरुजींचं नाव पुकारलं.

गुरुजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटच्या बाकावरून त्यांच्याच आवाजात उत्तर आलं, "हजर!"