केस विंचरायचा आरसा

मालेगावच्या बसस्टँडसमोर मुन्नाचा फोटो स्टुडिओ होता; तिथे ऑनलाइन फॉर्मही भरून मिळायचे, म्हणून वैजयंती आली होती. तिला नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती, पण आज पाचपर्यंत ऑनलाइन होकार दिला नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि मुन्नाने नुकताच टाकलेला ब्राउझर काही केल्या उघडत नव्हता.

“काहून नाही उघडून राह्यला, मुन्नाभाऊ?”

“नवी नवरी हाय, लाजून राह्यली,” मुन्ना म्हणाला. त्याने अँटिव्हायरस थांबवला, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. क्लिक केलं की बाण क्षणभर गोल फिरायचा, आणि पडदा तसाच रिकामा.

वैजयंतीने वैतागून खुर्ची वळवली. मागच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना केस विंचरायला आरसा लावला होता.

आरशातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला होता.

अक्षरं उलटी नव्हती. तिचं नाव सरळ वाचता येत होतं.

“भाऊ, तुमाले दिसते का?”

मुन्नाने आरशाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “माऊस धर,” तो हळूच म्हणाला. “इकडं पाहूच नको.”

आरशात बघत तिने बाण ‘स्वीकार’वर नेला आणि दाबला.

मोबाइल वाजला. प्रवेश पक्का झाल्याचा मेसेज होता.

खुर्चीत बसल्या बसल्या वैजयंती हसली. आरशातली वैजयंती मात्र केव्हाच उठली होती. खांद्याला पिशवी अडकवून, मागे वळूनही न पाहता, ती बाहेर निघाली होती.

इकडे स्टुडिओचं आपोआप मिटणारं काचेचं दार हळूहळू उघडलं, आणि कुणीतरी तिच्यासाठी धरून ठेवावं तसं उघडंच राहिलं.