रत्नदीपची मराठी

जानकाबाईंनी ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप अरफातच्या काउंटरवर ठेवला. मंचरच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सोबत त्यांची धाकटी, तेजस्विनी.

"यात विंडोज टाकून द्या," तेजस्विनी म्हणाली. "कॉलेजचं प्रोजेक्ट याच्यावर उघडतच नाही."

अरफातने बटण दाबलं. मशीन जुनं, पंखा घरघरत होता. बऱ्याच वेळाने पडदा उजळला आणि तो पुढे वाकला. अक्षरं मराठी होती.

"लिनक्स आहे हे, विंडोजऐवजी फुकट मिळतं ते. पण मराठी कुणी केलं?"

"दादानं. पुण्याच्या कंपनीनं भंगारात काढलेला हा. विंडोज ओढत नव्हता, म्हणून त्यानं हे टाकलं. मग दर रविवारी एकेक शब्द मराठी करत बसायचा. आईला वाचता यावं म्हणून."

तिचा दादा रत्नदीप जाऊन चार महिने झाले होते. कळंबच्या वळणावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं होतं.

अरफात म्हणाला, "रॅम वाढवून विंडोज बसवता येईल. फायली सीडीवर काढून देतो. पण हे शब्द पुन्हा असे दिसणार नाहीत, मावशी."

तेजस्विनीने मान खाली घातली. "पंधरा दिवसांवर परीक्षा आहे, आई."

जानकाबाई स्टूल ओढून पडद्यासमोर बसल्या. साक्षरता वर्गात शिकल्या तशा, बोट ठेवून वाचू लागल्या.

"नवीन. उघडा. ठेवून द्या." त्या थांबल्या. "जतन करा लिवत व्हता. मी म्हनलं, आपल्यात जतन कोन म्हनतं रं? ठिवून द्या म्हन. लई हसला. पन तसंच लिवलं."

बोट खाली सरकलं आणि अडलं.

"ह्ये काय हाय?"

"इंग्रजी आहे, मावशी. तिथून पुढं सगळं इंग्रजीच."

"म्हंजी हितवर आला व्हता," जानकाबाई म्हणाल्या.

तेजस्विनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, आई. मी मैत्रिणीकडं जाऊन करीन."

"नगं. त्येनंच तुला कॉलेजात घातलं." मग अरफातकडे न बघता त्या म्हणाल्या, "करा भाऊ तुमी."

अरफातने विंडोजची सीडी काढली आणि हातात धरून उभा राहिला. जानकाबाईंचं बोट अजून पडद्यावर होतं.