रिकामा तळहात

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दारातच सगळ्यांचे फोन जमा करून घेतले होते. तरीही परीक्षेला बसलेल्या रेवती उमापने तपासणीसाठी खाटेवर झोपलेल्या टेंभुर्णेंच्या छातीवर तळहात ठेवला आणि दचकून उचलला, तेव्हा परीक्षक डॉ. चौबळांच्या मनात पाल चुकचुकली.

"काय झालं?"

"सर, हाताला थरथर लागली."

छातीवर टेकवलेला फोन हृदयात दोष असला की थरथरायचा, आणि हल्लीची मुलं डॉक्टरकी शिकत होती ती त्या थरथरीवरच. टेंभुर्णे तर निरोगी माणसाचा नमुना म्हणून दरवर्षी परीक्षेला यायचे. फोनने त्यांना दर वेळी ठणठणीत ठरवलं होतं.

"दुसरा फोन कुठे लपवलायस?"

"नाही सर, खरंच नाही." तिने एप्रनचे खिसे उलटे करून दाखवले. एक रुमाल तेवढा खाली पडला.

"डॉक्टर," टेंभुर्णे पडल्या पडल्या म्हणाले, "जिना चढताना हल्ली धाप लागते मला. पण फोन काही नाही म्हणतो, मग मी कशाला बोलू?"

चौबळांनी आपला तळहात तिथेच टेकवला. गुरगुरणाऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी थरथर त्यांच्या बोटांतून मनगटापर्यंत आली. दोष असाच हाताला लागतो, हे त्यांच्या सरांनी त्यांना शिकवलं होतं. फोन यायच्या आधी.

त्यांनी हात काढला. क्षणभर त्या हाताकडेच संशयाने पाहिलं, आणि मग दाराशी बसलेल्या शिपायाला हाक मारली.

"माझा फोन आण रे जरा."