भाग दोनची कच्ची बाजू

"कबर कुणाची ते सांग!"

हॉलमधले सगळे एका सुरात ओरडले, आणि पडद्याशेजारी माइक धरून बसलेल्या वास्वाची बोबडी वळली. पडद्यावर हिरो पावसात एका दगडापुढे गुडघे टेकून बसला होता. एका बुक्कीत ट्रक उलटवणारा गडी तो, आणि आता लहान पोरासारखा हुंदके देत होता. वास्वाने चित्र थांबवलं. थांबवलं ते जरा विचार करायला, पण झालं भलतंच. दगड पडद्यावर तसाच उभा राहिला.

कंपालाच्या कात्वे वस्तीतल्या या पत्र्याच्या हॉलमध्ये सिनेमा परदेशी असायचा, पण बोलायचा वास्वा. इंग्रजी आवाज बारीक करायचा आणि सगळ्यांची बोलणी आपल्या भाषेत आपणच बोलायची, हाच त्याचा धंदा. हिरो, खलनायक, हिरोची मावशी, सगळे त्याच्याच घशातून. वर मधूनमधून टोमणे, शिव्या आणि समोरच्या न्हाव्याची जाहिरात. लोक सिनेमाला थोडेच यायचे? वास्वाला ऐकायला यायचे.

आज गळ्याशी आलं होतं ते याच सिनेमाच्या पहिल्या भागामुळे. त्याच्या शेवटी हिरोचा जुळा भाऊ पुलासकट नदीत पडतो आणि पुन्हा वर येत नाही. एवढी साधी गोष्ट. पण तो खेळ होता त्याच दिवशी सकाळी वास्वाला आखातातून फोन आला होता. त्याचा स्वतःचा जुळा भाऊ, कातो, बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. त्याला तिथेच पुरलंही होतं. आणि आई पुढच्या बाकावर शेंगदाणे खात हसत बसली होती. वास्वाच्या तोंडून खरं काही निघेना. "वाचला!" तो माइकवर ओरडला. "पोहत गेला, जहाजावर नोकरी लागली, दुसऱ्या भागात येतोय!" हॉल नाचायला लागला.

थाप इतकी छान पचली की त्याने ती घरीही चालवली. दर रविवारी हॉलच्या मागे जाऊन, मित्राच्या फोनवरून, तो कातोच्या आवाजात आईशी बोलायचा. आवाज काढणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. "बरा आहे मी, आई. जेवलीस का? औषध घेतलंस का?" आई सगळ्याची उत्तरं द्यायची. असं वर्षभर चाललं. आता थांबवायचं तर कसं, आणि चालवायचं तर कुठवर?

खेळ संपला की प्रत्येकाने सिनेमाची एक भक्कम बाजू सांगायची, एक कच्ची, आणि वास्वाने उत्तर द्यायचं, ही या हॉलची रीत. आज लोकांना संपेपर्यंत दम नव्हता.

"मारामारी झकास!" मागून एक मोटरसायकलवाला ओरडला. "इमारत पडते तिथेच पैसे वसूल. पण गोष्ट साफ कच्ची! भाऊ कुठाय? जहाजावरून उतरला नाही का अजून?"

"आणि खलनायक तोच की रे," दुसरा म्हणाला. "नुसता कोट बदललाय."

"कबर त्या खलनायकाच्या आईची आहे," वास्वा म्हणाला. मानेवरून घामाची धार लागली होती.

"तिच्यासाठी हिरो रडतोय? वा रे मोठ्या मनाचा!" हॉल खो खो हसला.

तेवढ्यात नान्सुबुगा उभी राहिली. सुट्टीत घरी आलेली, शाळेत इंग्रजी शिकलेली पोर. "दादा, दगडावर लिहिलंय की," ती म्हणाली. "'माझ्या जुळ्या भावास.' मी वाचलं."

सगळ्या माना वास्वाकडे वळल्या. दार एकच, आणि ते सगळ्या बाकांच्या पलीकडे. हे पत्रे आत्ता डोक्यावर पडतील तर बरं, असं वास्वाला वाटलं. त्याने सगळीकडे पाहिलं, फक्त पुढच्या बाकाकडे पाहायचं टाळलं. शेवटी तिकडेही पाहावंच लागलं. नालोंगोने, म्हणजे जुळ्यांच्या आईने, मांडीवरची टरफलं झटकली. सगळी वस्ती तिला याच नावाने हाक मारायची.

"मग सांग की, वास्वा," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

त्याने माइक तोंडाशी नेला. "हिरोचा भाऊ... पुलावरून पडला ना, तो तेव्हाच मे..."

"अं हं." आईने बोट वर केलं. "जुळ्यातल्याला मेला म्हणत नाहीत आपल्यात. उडून गेला म्हणतात. माझ्या कातोबद्दल तरी नीट बोल."

माइक चालूच होता. वास्वाचा श्वास साऱ्या हॉलला ऐकू गेला. "आई," तो कसाबसा म्हणाला, "तुला कधी कळलं गं?"

"पहिल्याच रविवारी." रीत ती रीत. "भक्कम बाजू म्हणशील, तर आवाज हुबेहूब काढतोस. कच्ची बाजू एकच. आई जेवली का, हे कातोने जन्मात कधी विचारलं नाही रे. ते तूच विचारायचास."