दोन मिलिमीटर

टर्बो लावायचा तर इंजिनातला दाब कमी करावा लागतो. त्यासाठी इंजिनाच्या सांध्यात घालायची जाड पट्टी, गॅस्केट, महाग; म्हणून मेकॅनिक प्रशिकनं सुशीलच्या कारचे चारही पिस्टन वरून दोन मिलिमीटर कापले. किती कापलं तर चालेल हे त्यानं भंगारातला पिस्टन उभा चिरून मापलं होतं. टर्बो बसला, सुशील गाडी घेऊन गेला. दुपारी शेजारच्या गॅरेजवाल्या देवरावकाकांनी तो चिरलेला पिस्टन उचलला. “हा तं डिझेलचा आहे गा! याचं डोकं जाड राहते. सुशीलची गाडी पेट्रोलची, तिच्या पिस्टनचं निम्मं. उरलं काय मंग?” प्रशिकनं फोन लावला. “सुशील, गाडी थांबव!” “काहून बे? पाखरू झाली गाडी! बुटीबोरी आली बी. माय मागं बसून शिव्या देऊन राहिली.” “पिस्टन फुटन, थांब!” “वाऱ्यात ऐकू नाही येत. घे, तुले आवाज ऐकवतो.” फोन खिडकीबाहेर गेला. टर्बोची शिट्टी चढू लागली. प्रशिक ओरडत राहिला.