एकोणीस पाकिटं

बाईने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकोणीस पाकिटं घसरत बाहेर आली. सगळी खाकी, तळहाताएवढी, आडव्या-उभ्या चिकटपट्टीने बांधलेली. एकही फोडलेलं नव्हतं.

"बाबांची आहेत," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात गेले. कपाट आवरताना सापडली. मागे तुमच्या दुकानाचा पत्ता होता, म्हणून तुमच्याकडेच आणली."

मालकाने चेहरा बेताने लांबवला. असा चेहरा त्याला तयारच ठेवावा लागे. जुन्या चांदीच्या नाण्यांच्या धंद्यात माल येतो तो बहुधा कुणीतरी गेल्यावरच. तो नाणी वजनावर घ्यायचा, त्यातली मोजकी चांगली बाजूला काढायचा आणि उरलेल्यांचे मिश्र लॉट करून ऑनलाइन लिलावात लावायचा. फोटोत एक बरं नाणं सर्वांत वर असे. त्याच्याखाली पाटी: 'न निवडलेला माल. नशीब आजमावा.' खालच्या नाण्यांवरचा राजा इतका झिजलेला असे, की तो कुणाचाही आजोबा म्हणून खपला असता.

कोपऱ्यात पॅकिंगच्या टेबलाशी मावशींनी कात्री खाली ठेवली. मावशी त्या सगळ्यांच्याच होत्या, नात्याने कुणाच्याही नाही. दहा वर्षं इथे पाकिटं भरत होत्या. ही एकोणीस त्यांनी लांबूनच ओळखली. पत्ते त्यांच्याच अक्षरात होते.

आतही त्यांच्या अक्षरात काही होतं.

पहिलं पाकीट पोचल्यावर या गिऱ्हाइकाने कळवलं होतं, 'पाकीट फार सुबक बांधलंय, बांधणाऱ्याला जरूर सांगा.' दहा वर्षांत मावशींना असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या पाकिटापासून त्यांनी आत चिठ्ठी घालायला सुरुवात केली. 'यातली चांगली नाणी आधीच काढलेली असतात. पैसे वाया घालवू नका.' पुढच्या महिन्यात त्याची बोली पुन्हा हजर. पाचव्या चिठ्ठीत त्यांनी हात जोडले. दहाव्या चिठ्ठीत त्या चिडल्या. शेवटची तर त्यांना पाठच होती: 'काका, तुम्हाला वाचता येत नाही का?'

"एकसुद्धा उघडलं नाही त्यांनी?" मालकाने विचारलं.

"हात लावू द्यायचे नाहीत. आलं की कानाशी धरून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. यातलं एखादं नाणं असं निघेल की तुझं स्वतःचं घर होईल, म्हणायचे. मी म्हटलं, अहो बाबा, मग बघा तरी उघडून. तर म्हणाले, बघितलं की संपलं." ती जरा थांबली. "शेवटचं वर्षभर गोळ्या एक दिवसाआड घेत होते. मला वाटायचं, विसरतात."

मावशींनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

"बघू या तर, काय निघतंय," म्हणत मालकाने पातं उचललं. चिठ्ठ्या निघाल्या की नोकरी गेली, आणि पन्नाशी उलटलेल्या आपल्यासारखीला सुबक पाकिटांच्या जोरावर दुसरीकडे कुणी कामाला ठेवणार नव्हतं, हे मावशींना माहीत होतं. पातं चिकटपट्टीला टेकलं.

"मालक," त्या म्हणाल्या. "नका उघडू. बंद पाकिटांना जास्त भाव येईल."

मालकाने पातं खाली ठेवलं. मावशींकडे त्याने पहिल्यांदाच धंद्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"दहा वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंत हे डोकं?"

मग त्याने पाकिटं काट्यावर चढवली. एक रिकामं पाकीट वेगळं तोलून तेवढं वजन एकोणीस वेळा वजा केलं; अशा बाबतीत तो काटेकोर होता. आतल्या चिठ्ठ्यांना त्यामुळे चांदीचा भाव मिळाला.

"मावशी, ही तुम्हीच भरलीत ना?" बाईने विचारलं. "आत काही चांगलं असेल का हो?"

"मी नुसती भरते, ताई," मावशी म्हणाल्या. "बघत नाही."

बाईने मान हलवली. मग टेबलावरचं एक पाकीट उचललं. "हे नाही देत मी. शेवटचं आहे. हे आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले."

"ठेवा की, ताई," मालक उदारपणे म्हणाला आणि त्याचं वजन वजा केलं.

दारापाशी तिने पाकीट कानाशी धरून हलवलं. आत खुळखुळलं. ती किंचित हसली.

"तसंच ठेवणार ना, आठवण म्हणून?" मावशींनी विचारलं.

"छे. घरी गेले की उघडणार. त्यांच्यासाठी कुणीतरी एकदा बघायला नको?"

दार लागलं. मालक उरलेल्या अठरांची फोटोसाठी रास करायला लागला. मावशींकडे त्याने कोरा पुठ्ठा सरकवला.

"पाटी लिहा. मोठ्या अक्षरांत. एका संग्राहकाच्या कपाटातून, अठरा बंद पाकिटं. आत काय आहे, कुणालाच माहीत नाही."

मावशींनी लिहिलं. मालकाने पाटी हातभर दूर धरून बघितली.

"अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं," तो म्हणाला. "एकदा बघितलं की कुणीही ओळखेल."